एकसष्ट गुणांची लिफ्ट

चार लोक काय म्हणतील, या प्रश्नाने बाकीची दुनिया फुकटात हैराण होते. दशांशला त्याचा पगार मिळायचा.

दशांश हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते धंद्याने ठेवलं. व्हिडिओ गेम दुकानात येण्याआधी, पत्रकारांच्या हाती पडण्याआधी, तो बनवणाऱ्या कंपन्या गुपचूप एखाद्या जाणत्याला बोलावतात आणि विचारतात, बाबा रे, समीक्षक याला शंभरपैकी किती देतील? हा जाणता म्हणजे दशांश. तो गेम घरी नेऊन शेवटपर्यंत खेळायचा, समीक्षकांच्या थाटात एक नकली रिव्ह्यू लिहायचा आणि खाली आकडा टाकायचा. पुढे गेम बाजारात आला की खऱ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी निघे, आणि ती मुकाट्याने दशांशच्या आकड्याशेजारी येऊन बसे. एकदा त्याने अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार लिहिलं होतं आणि सरासरीही तेवढीच आली. तेव्हापासून हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा रागात त्याला याच नावाने हाक मारायची.

खरे रिव्ह्यू म्हणजे कंपनीच्या लेखी वरातीमागून घोडं. गेम विकायला निघाल्यावर 'पाण्याचा रंग पाण्यासारखा नाही' असं कुणी छापलं, तर त्याचा उपयोग काय? दशांशचं घोडं वरातीच्या पुढे चालायचं, फक्त ते कुणाला दिसता कामा नये अशी अट होती. त्यामुळे इतक्या वर्षांत त्याने लिहिलेल्या रिव्ह्यूंची चळत कमरेएवढी झाली असती, पण छापून आला नव्हता एकही. नातेवाइकांचं पक्कं मत होतं की हा माणूस भरदिवसा पडदे ओढून गेम खेळतो आणि घर बायको चालवते. यातला पहिला अर्धा भाग खरा होता. उरलेल्या अर्ध्याबद्दल तो काही बोलू शकत नव्हता, कारण करारात तशी मनाई होती.

तरुणपणी तो खराखुरा समीक्षक व्हायला निघाला होता. एका मासिकात लागला, आणि पहिल्याच महिन्यात सगळ्या जगाने पाच दिलेल्या एका गेमला त्याने दहापैकी नऊ दिले. वाचकांनी त्याला धुऊन काढलं. कुणी विचारलं, कंपनीने किती चारले? कुणी विचारलं, डोळे आहेत की बटणं? संपादकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "तुला काय वाटतं ते घरी बायकोला सांग. इथे लोकांना काय वाटणार आहे ते लिहायचं." तेव्हा त्याला बायको नव्हती. पण उपदेश त्याने मनावर घेतला आणि इतका मनावर घेतला की तोच त्याचा धंदा झाला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा ताकही दुसऱ्याला पाजून मग चव विचारू लागला.

त्याची कामाची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. समीक्षकांची जात तीन प्रकारची, असा त्याचा सिद्धान्त होता: कडक, कनवाळू आणि कंटाळलेला. कडकला प्रत्येक दगडामागे चूक दिसते. तीनदा हरला की तो 'कंट्रोल सैल आहेत' असं लिहितो. नाचता येईना, अंगण वाकडं. कनवाळूला बनवणाऱ्यांच्या कष्टांची कदर असते, आणि तो रिव्ह्यूच्या सुरुवातीला हटकून स्वतःचं बालपण सांगतो. कंटाळलेल्याकडे असे आणखी चार गेम पडलेले असतात, तो निम्म्यावर सोडतो आणि 'उत्तरार्ध रेंगाळतो' असं बिनदिक्कत ठोकून देतो. दशांश प्रत्येक गेम या तिघांच्या अंगात शिरून खेळायचा. कडकची जागा टेबलाजवळची लाकडी खुर्ची. कनवाळू सोफ्यावर बसे. कंटाळलेला जमिनीवर उशी घेऊन आडवा होई. मग तिघांचे गुण घ्यायचे, वर स्वतःच्या अनुभवाची एक चिमूट घालायची, आणि आकडा तयार.

घरात एकच मोठी खोली, आणि त्या खोलीत खिडकीपाशी सासूबाईंची खुर्ची. सासूबाईंचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे राहायला आल्या, आणि करारात 'कुटुंबीयांसह कुणालाही गेम दाखवू नये' असं स्पष्ट लिहिलेलं असूनही त्यांना खोलीबाहेर बसवण्याची दशांशची छाती झाली नाही. त्याही काही गेम बघत नसत. त्या पेपर वाचत, शेंगा सोलत, आणि मधूनच चष्म्यावरून बघून विचारत, "आज कोण खेळतंय?"

"कडक," दशांश खुर्चीतून सांगायचा.

"मग बोलत नाही मी."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात ती लिफ्ट आली.

प्रॉडक्शनचे साहेब स्वतः काळी पेटी घेऊन आले. पेटीत कंपनीचा टेस्ट कन्सोल, म्हणजे गेम चालवायचं चाचणीचं यंत्र, ज्याच्या चित्रावर कोपऱ्यात सतत दशांशचा क्रमांक झळकत राहतो, म्हणजे फोटो बाहेर फुटला तर चोर कोण ते कळावं. साहेब बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "छोट्या टीमचा आहे. एका बाईने डोकं लावलंय. वरच्यांना पटत नाहीये. स्पष्टच सांगतो, तुमचा आकडा सत्तरच्या खाली आला तर आम्ही हा काढणारच नाही. जाहिरातीचा खर्च तरी वाचेल."

"आणि वर आला तर?"

"तर काढावा लागेल," साहेब म्हणाले. तोंड असं केलं, की जणू पाहुणे राहायला येणार आहेत.

गेममध्ये तुम्ही लिफ्टमन. नऊ मजल्यांची जुनी इमारत, वर-खाली करायला एक दांडा, जाळीचा दरवाजा. बस. ना तलवार, ना राक्षस, ना गुप्त खजिना. दांडा वेळेवर सोडला नाही तर लिफ्ट मजल्याच्या वर किंवा खाली थांबते आणि लोक ठेचकाळतात. ती बरोबर मजल्याला लावायची, तर हातातल्या कंट्रोलरची थरथर ओळखावी लागते, डोळ्यांनी जमत नाही. लोक आत येतात, दोन मजले बोलतात, उतरून जातात. तिसऱ्या मजल्यावर दवाखाना, चौथ्यावर शिवणाचा कारखाना, सहाव्यावर विम्याचं ऑफिस. संभाषणाचा तुकडा तुमच्या कानांवर पडतो आणि दरवाजा उघडला की तुटतो. तुम्हाला फक्त एवढंच करता येतं: लिफ्ट थोडी हळू न्यायची किंवा दरवाजा क्षणभर धरून ठेवायचा.

पहिल्या दिवशी कडक खुर्चीत बसला आणि तासाभरात त्याचा निकाल लागला. 'खेळणाऱ्याला करायला काही नाही.' दुसऱ्या दिवशी कंटाळलेला उशीवर आडवा झाला. पण तो काही निम्म्यावर सोडेना. त्याला उठून बसावंसं वाटू लागलं, आणि हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई होती आणि सहाव्यावर विम्याचा एक कारकून. दोघं सख्खी भावंडं. आईच्या आजारपणात काहीतरी बिनसलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद. हे कुणी सांगत नाही. दवाखान्यातल्या नर्सच्या एका वाक्यावरून आणि शिवणवाल्या मैत्रिणीच्या अर्ध्या टोमण्यावरून लावून घ्यायचं. भाऊ लिफ्टमध्ये असला तर बहीण जिना चढून जायची.

"खालून आली की नाही ती?" खिडकीकडून आवाज आला. सासूबाईंनी पेपर कधी खाली ठेवला, ते दशांशच्या लक्षातही आलं नव्हतं. "अहो, दरवाजा धरा जरा. येतेय ती. सँडल वाजतायत."

त्याने दरवाजा धरला. बाई आली, आत भाऊ दिसला, आणि ती वळून जिन्याकडे गेली.

"जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "उद्या बघू."

नंतर रोज दुपारी सासूबाई जेवण उरकून खुर्ची पुढे ओढून बसू लागल्या. एक्स्चेंजमध्ये त्यांनी लोकांची अशीच अर्धीमुर्धी बोलणी ऐकली होती, आणि जोडून दिल्यावर बाजूला व्हायचं ही त्यांची शिस्त होती; आता ती सगळी हौस फिटत होती. दशांशची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. संध्याकाळी ती घरी आली की सासूबाई तिला दिवसभराचं सांगायच्या, आणि एक दिवस तीही पर्स खांद्यावर तशीच ठेवून बघत उभी राहिली. दशांश तेव्हा खुर्चीत नव्हता, सोफ्यावर नव्हता, उशीवर नव्हता. तो सासूबाईंच्या शेजारी एका स्टुलावर बसला होता.

त्याच संध्याकाळी ते झालं. पाऊण दिवस वर-खाली करून झाल्यावर लिफ्ट तळमजल्याला आली. बहीण आत होती. भाऊ धावत आला. दशांशने दरवाजा धरला. भाऊ आत शिरला आणि बहिणीला बघून चपापला. तोवर जाळी लागली, परत फिरायची सोय राहिली नाही. दोघंही दाराकडे तोंड करून उभी. हातातल्या फायली सावरण्याच्या नादात भाऊ मजला सांगायलाही विसरला. आणि बहीण दाराकडेच बघत म्हणाली, "सहावा."

एवढंच. तिने त्याचा मजला सांगितला.

"बोलली हो," सासूबाई पुटपुटल्या.

दशांश डोळे पुसत होता. त्याला रडू आलं होतं, सरळ, लहान मुलाला येतं तसं, आणि त्याला त्याचं फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत इतके गेम हातांखालून गेले, पण एकही असा पोटात उतरला नव्हता.

"स्क्रीनचा त्रास होतो डोळ्यांना," तो म्हणाला.

"नंबर मीच तपासलाय तुझा," बायको म्हणाली. "डोळ्यांना काही झालेलं नाही."

मग अहवाल लिहायचा दिवस आला. कडकने पंचावन्न दिले. कनवाळूने बहात्तर, तेही लिफ्टच्या जाळीवरून आजोळ आठवलं म्हणून. कंटाळलेल्याने छप्पन्न. सरासरी एकसष्ट. दशांशने तो आकडा उलटून पाहिला, पालटून पाहिला, अनुभवाची चिमूट घालून पाहिली, एकसष्टच. त्याला मनापासून खात्री होती की बाहेरचे समीक्षक एवढेच देणार. या बाबतीत तो कधी चुकला नव्हता.

"मग तुला आवडला असं लिही ना," बायको म्हणाली.

"मला काय आवडलं ते त्यांनी विचारलेलं नाही. बाकीचे काय म्हणतील ते विचारलंय."

"माझ्याकडे लोक येतात. मी विचारते, हे अक्षर स्पष्ट दिसतं की ते? अजून कुणी शेजाऱ्याला विचारून सांगितलेलं नाही."

"तुझं काम वेगळं आहे."

"हो ना. माझ्याकडे चुकीचं सांगितलं तर सांगणाऱ्यालाच ठेच लागते."

त्याच्याकडे कारणं होती, आणि चांगली होती. आपण नव्वद लिहिले, कंपनीने गेम काढला आणि जगाने एकसष्ट दिले, तर त्या बाईची चारचौघांत शोभा होईल. त्यापेक्षा घरातल्या घरात मिटलेलं काय वाईट? शिवाय आपलं काम अंदाज सांगण्याचं. त्यात भेसळ करणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. सबब इतकी सज्जन असली की माणूस तिच्या पाठीमागे सुखाने उभा राहू शकतो. तिच्या पाठीमागे आणखीही एक गोष्ट उभी होती, ती मी सांगतो, कारण तो कधी सांगणार नाही: त्याला आपला अंदाज चुकलेला चालला नसता. इतक्या वर्षांत मिरवण्यासारखं एवढंच काय ते त्याच्यापाशी होतं.

त्याने एकसष्ट लिहिले. अहवालही फर्मास उतरला. 'खेळणाऱ्याला करायला काही नाही. वेग नाही, बक्षीस नाही, लढत नाही. उत्तरार्ध रेंगाळतो.' शेवटचं वाक्य कंटाळलेल्याच्या सवयीचं होतं आणि हाताने ते आपोआप लिहून टाकलं. खरं म्हणजे उत्तरार्ध पुन्हा बघायचा म्हणून त्याने पेटी परत करण्याआधी सगळा गेम दुसऱ्यांदा खेळून काढला होता.

आठवड्याभरात साहेबांचा फोन आला. गेम बंद झाला. वरच्यांच्या पोटातलं याच्या तोंडून वदवलं गेल्यामुळे सगळे खूश होते. "तुमचा अंदाज म्हणजे दगडावरची रेघ," साहेब म्हणाले. हे खरंच होतं, कारण ती रेघ खोडायला आता कुणी येणार नव्हतं. गेम निघालाच नाही, म्हणजे रिव्ह्यू आले नाहीत, म्हणजे सरासरी लागली नाही. एकच परीक्षक, एकच विद्यार्थी, आणि निकालाआधी शाळाच बंद. दशांशच्या कारकिर्दीतला हा सगळ्यांत बिनचूक आकडा.

सासूबाईंना त्याने बरेच दिवस सांगितलं नाही. त्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन विचारत, लिफ्टचा गेम आला का? दुकानदार त्यांना प्रत्येक वेळी गाड्यांच्या शर्यती दाखवायचा. शेवटी एका दुपारी दशांश म्हणाला, "आई, तो येणार नाही. बंद केला."

"का?"

"लोकांना आवडला नसता."

"कुठल्या लोकांना?"

त्याने हाताने खिडकीबाहेर, रस्त्याच्या दिशेने कुठेतरी दाखवलं. सासूबाईंनी खरंच वळून तिकडे पाहिलं. तिथे एक माणूस सायकलची चेन बसवत होता. मग त्या पेपर उघडून बसल्या, आणि त्या दिवसापासून 'आज कोण खेळतंय' हे विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

दोन वर्षं गेली. एका मोठ्या कंपनीकडून पेटी आली. तलवारींचा गेम होता. पहिल्या मिनिटाला लढाई, तिसऱ्याला बक्षीस, दर पावलाला काहीतरी उघडतंय, काहीतरी मिळतंय. उत्तरार्ध रेंगाळायचं नाव घेत नव्हता. कडक खूश, कनवाळू खूश, कंटाळलेलाही शेवटपर्यंत टिकला. सासूबाई दहा मिनिटं बघून आतल्या खोलीत पडायला गेल्या. दशांशने शहाऐंशी लिहिले, आणि गेम बाजारात आल्यावर शहाऐंशीच आले. एवढं जमल्यावर कंपनीने मेजवानी दिली आणि यावेळी, गुपित संपलं म्हणून, त्यालाही बोलावलं. एका ऑफिसच्या गच्चीवर लोक ग्लास घेऊन उभे होते. जुने साहेब आता या कंपनीत होते. त्यांनी त्याला दंडाला धरून एका बाईसमोर नेलं. केस बारीक कापलेले, पायांत साधे बूट, चेहरा झोप न झालेला.

"हेच ते दशांश," साहेब म्हणाले. "आणि या आपल्या दिग्दर्शिका. तुमची जुनी ओळख आहे, फक्त भेट नाही. लिफ्टवाल्या याच." आणि पुढे निघून गेले.

दशांश अर्धं पाऊल मागे सरकला. बाई मात्र हसल्या.

"मला तुम्हाला भेटायचंच होतं. आभार मानायचे होते. तुमचा अहवाल मी टेबलासमोर लावून ठेवला होता. वेग नाही, बक्षीस नाही, लढत नाही. एकेक घेतलं आणि एकेक दुरुस्त केलं. हा जो गेम झाला ना, तो तुमच्यामुळे झाला."

"तसं काही नाही," तो म्हणाला.

"खरंच सांगते. त्या लिफ्टच्या मी प्रेमात होते. पाच वर्षं दुसरं काही दिसलंच नाही मला. आता आठवलं की लाज वाटते. कुणी करतं का असला गेम?"

बोलणं इथेच संपवता आलं असतं. शहाणा माणूस 'अनुभवातूनच शिकतो माणूस' असं काहीतरी बोलून सरबताकडे वळला असता, आणि चार लोकांनी त्याला शंभरपैकी पंच्याऐंशी तरी दिले असते. पण दशांशच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"मला तो फार आवडला होता."

बाई पुन्हा हसल्या. "चांगले आहात हो तुम्ही. माझी मावशीपण असंच म्हणते."

"नाही, ऐका. मी दोनदा खेळलो. बहीण दाराकडे बघत 'सहावा' म्हणते, तिथे मी रडलो. आमच्या सासूबाई दुकानात विचारत होत्या, आला का म्हणून."

त्यांचं हसू थांबलं. हातातला ग्लास त्यांनी कठड्यावर ठेवला.

"तिथपर्यंत गेलात तुम्ही?"

"शेवटपर्यंत गेलो."

"आणि तरी एकसष्ट?"

"ते माझे नव्हते," तो म्हणाला. "बाकीच्यांचे होते."

"बाकीचे कुठे होते?" बाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "आमच्या टीमबाहेर तो गेम तुम्ही एकट्यानेच तर खेळलात."

पलीकडून कुणीतरी फोटोसाठी बाईंना हाका मारत होतं. त्या निघाल्या आणि दोन पावलांवर थांबल्या.

"तुमचे किती होते?"

त्याने मनात शोधलं. कडकचे सापडले, कनवाळूचे सापडले, कंटाळलेल्याचे सापडले.

"मी दिलेच नव्हते," तो म्हणाला. "द्यायचं सुचलंच नाही. खेळतच राहिलो."

"द्यायला हवे होते," बाई म्हणाल्या, आणि फोटोला उभ्या राहायला गेल्या.